लाल लागलं का?

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," रामदासकाका म्हणाले. "प्रज्ञेशबरोबर मी सात वर्षं काम केलंय. तो थापा मारणारा नव्हे."

कात्रजच्या कम्युनिटी रेडिओचं प्रसारण दहाला संपलं होतं. गच्चीवर काकांभोवती नवी पोरं बसली होती. काका सांगू लागले.

अठरा फेब्रुवारी, मंगळवार. स्टेशन सांभाळणारा प्रज्ञेश एका साध्या कामासाठी रात्री मागं थांबला होता. जे हवेत जातं त्याचं रेकॉर्डिंग नव्वद दिवस जपायचं, असा नियम. डिस्क भरली होती आणि सकाळी अकराला तपासणी. जागा नसली तर उद्याचं रेकॉर्डिंग होणार नाही, म्हणजे परवान्यावरच गदा. म्हणून मुदत संपलेल्या फायली पुसायच्या होत्या. त्यांत इंदुबाईंचा शेवटचा कार्यक्रम होता, बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा. त्यानंतर आठवड्यातच त्या गेल्या. त्यांची मुलगी आम्रपाली दोनदा येऊन म्हणाली होती, "आईचा आवाज तेवढा द्या." दोन्ही वेळा प्रज्ञेश म्हणाला होता, "उद्या."

पावणेबाराला त्यानं सगळं पुसलं. मग आठवलं. प्रत काढलीच नव्हती.

तेवढ्यात बाहेर रखवालदार गेनबांचा रेडिओ बोलला.

"लाल लागलं का रे?"

माइकसमोर बसल्या की इंदुबाई आधी हेच विचारायच्या. दारावरचा लाल दिवा लागला की रेकॉर्डिंग सुरू. रेकॉर्डिंग करणारा संपत काचेपलीकडून सांगायचा, "लागलं. बोला." आणि नंतर तेवढा तुकडा कापून टाकायचा. तो हवेत कधीच गेला नव्हता.

"काका, ऑटोमेशनवर लागलं असेल काहीतरी," पोरांतली स्पृहा म्हणाली.

"ते मोठ्या स्टेशनांत. तिथं रात्री माणूस नसतो, दुपारी बोलून ठेवलेलं वाजतं. आपला ट्रान्समीटर दहाला बंद. किल्ली प्रज्ञेशच्या खिशात."

प्रज्ञेशचा संशय सरळ संपतवर गेला. आम्रपालीनं त्याला हाताशी धरलं असणार. त्यानं फोन लावला.

"संपत, नाटकं बंद कर."

"अहो, मी स्वारगेटला एसटीत बसलोय. कसली नाटकं?"

"इंदुबाईंचं कच्चं रेकॉर्डिंग कुठंय?"

"तुम्हीच पुसायला लावलंत की. जागा खातं म्हणून."

प्रज्ञेश बाहेर आला.

"गेनबा, रेडिओ बंद करा."

"बंदच हाय साहेब. सेल कवाच काढल्यात."

सेल बाकावर पडले होते. शेजारी रेडिओ.

"लाल लागलं का?"

गेनबा उठले. फाटकाबाहेर गेले. मागं वळले नाहीत.

तिसऱ्यांदा आवाज रेडिओतून आला नाही...

स्टुडिओतून आला.

आत अंधार. काचेपलीकडे खुर्ची. रिकामी. आवाज थांबलेला. उत्तराची वाट बघत.

प्रज्ञेश काचेजवळ गेला.

"लागलं..."

"...बोला."

मग काही नाही.

काका थांबले. मग पुढं सांगू लागले.

सकाळी डिस्कवर एक नवी फाईल होती. एकोणतीस मिनिटांची. सुरुवातीला प्रज्ञेशचा आवाज, "लागलं... बोला." पुढं नुसती शांतता. त्यानं तीनदा ऐकली. संपतनं ऐकली. मीही ऐकली.

मग प्रज्ञेशनं आम्रपालीला बोलावलं. चूक कबूल करायला. तो काही बोलायच्या आतच तिनं हेडफोन कानाला लावले.

एकोणतीस मिनिटं ती हलली नाही. फक्त ओठ हलत होते. ठेक्यात.

हेडफोन काढून ती म्हणाली, "शेवटची ओवी नवी आहे. आईनं ही घरी कधी म्हटली नव्हती."