‘सोडलं’ म्हणजे काय?

“अहो, पाणी टाकू नका!”

मी ओरडले आणि त्याचा हात बादलीसकट हवेतच थांबला. मरोळच्या उताराखाली एक जुनी, पिस्ता रंगाची, दोनच माणसांची गाडी उभी होती. पुढच्या चाकांतून धूर येत होता, आणि तो वास... साकीनाक्याच्या आमच्या लॅबमध्ये मी दिवसभर ब्रेकचे लायनर तापवून बघते. तो वास मी झोपेतही ओळखीन.

“पण आग लागेल ना?”

“नाही लागणार. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तडा मात्र जाईल. नुसती उभी राहू द्या.”

त्यानं बादली खाली ठेवली. मला ते आवडलं. बहुतेक माणसं आधी वाद घालतात.

“माफ करा हं, तुम्हाला ओरडायला लावलं. नाव काय आपलं?”

“क्षमा.”

“म्हणजे... मागितल्याबरोबर मिळाली?”

हसायचं नाही असं ठरवूनही मी हसले.

त्याचं नाव जयवंत. गाडी छप्पन सालची विलायती एमजी. त्याचे वडील राजारामकाका एका पारशी शेठकडे ड्रायव्हर होते. शेठ मुलाकडे परदेशी जाताना ती त्यांना देऊन गेले होते. कल्याणपलीकडच्या एका ओस धावपट्टीवर हौशी लोक सहा महिन्यांतून एकदा गाड्या पळवत. जयवंतला तिथे ती मनसोक्त पळवायची होती.

“पळते झकास. चार वळणं झाली की ब्रेक तापून लागेनासे होतात, एवढंच.”

“एवढंच? आणि समोर काही आलं तर?”

“तुमच्यासारखं कुणीतरी ओरडेल ना...”

नव्या मारुतीला पुढे डिस्क ब्रेक असतात. अपघातात चेपलेल्या एका मारुतीचे त्यानं कुर्ल्याच्या भंगारातून मिळवले, ते बसवायच्या पट्ट्या लेथवर करून घेतल्या. उघड्यावर फिरणारी डिस्क ड्रमपेक्षा लवकर का निवते, हे मी त्याला आकृती काढून समजावलं. तो आकृती सोडून माझ्याकडे बघत होता.

“कळलं का?”

“निवते, म्हणालीस.”

‘तुम्ही’ कधी गळून पडलं, कळलंच नाही.

धावपट्टीच्या रविवारी, सकाळी, त्याच्या दारात शेवटचं काम उरलं – ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. त्याला दोघं लागतात. मी आत बसून पेडल दाबून धरायचं, त्यानं चाकापाशी नट उघडून हवा बाहेर सोडायची, नट बंद करायचा, आणि मगच मी पाय उचलायचा. आधी उचलला, तर हवा परत आत.

“दाब!”

“दाबलं.”

“धर... सोडलं!”

मी पाय उचलला. चारही चाकं अशीच झाली. शेवटी तो आत बसला, पेडल दाबलं... आणि ते ओल्या स्पंजासारखं खाली गेलं.

“क्षमा, तू पाय कधी उचलत होतीस?”

“तू ‘सोडलं’ म्हणालास की.”

“अगं, मी हवा सोडली म्हणत होतो! नट उघडाच होता!”

“मग ‘हवा’ म्हण की रे! ‘सोडलं’ म्हणजे मी काय समजू?”

दोघंही हसलो. मग त्यानं घड्याळ बघितलं आणि हसू थांबलं.

“दोनदा दाबलं की लागतायत. चालेल यार.”

“नाही चालणार.”

“सहा महिने वाट बघितलीय मी.”

“माहीत आहे. पण वळणावर दुसऱ्यांदा दाबायला वेळ नसतो, जयवंत. आणि तिथे... मी कितीही ओरडले तरी तुला ऐकू येणार नाही.”

त्यानं किल्ली काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

“थांबलो.”

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी शब्द ठरवून – ‘उघडला’, ‘बंद’, आणि मगच ‘सोड’. धावपट्टीवर गाड्या सुटल्या असतील तेव्हा आम्ही शेवटच्या चाकाशी होतो. पेडल आता दगडासारखं घट्ट लागत होतं.

“धर.”

मी धरलं. ‘उघडला’ आलं, ‘बंद’ आलं... मग काहीच नाही.

“जयवंत? सोडू?”

“नको.”

“अरे, नट बंद केलास ना?”

“केव्हाच.”

“मग?”

तो उठून दाराशी आला. गालावर ग्रीसचा पट्टा, कान लाल.

“मग... सोडू नकोस. म्हणजे... मला.”

ओट्यावर पेपर वाचणारे राजारामकाका पेपरामागूनच मालवणीत ओरडले, “धरून ठेव गो चेडवा! तो सुटलो तर आवरूचो नाय!”

मी पाय उचलला.

“सोडलं,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“पेडल रे, वेड्या,” मी त्याच्या गालावरचा काळा पट्टा ओढणीनं पुसत म्हटलं. “तुला नाही.”