कपाटाला भट्टी किती दिसते

हिंगण्याच्या कंपनी बसमध्ये मुग्धा काचेवरच्या धुळीत बोटानं रंग वाळवायची भट्टी काढत होती. चारी बाजूंनी तापलेले पत्रे, मधे रंगवलेलं लोखंडी कपाट. कपाटाला जो पत्रा जितका दिसतो, तितकी त्याची धग कपाटाच्या वाट्याला. सगळे वाटे मिळून पूर्ण एक यायला हवा... आणि तो काही येत नव्हता.

"तोंड राहिलं, मॅडम," मागच्या सीटवरून कोणीतरी हळूच म्हणालं. "कपाट जिथून आत शिरते, ते उघडं तोंडही त्याले दिसतेच ना."

ती वळली. नवा इंजिनिअर, उमरेडच्या विणकराघरचा पंकज. कॉलर घामानं भिजलेली, आणि डोळे... हिंमत असेल त्यानंच बघावं असे.

"दुसऱ्याचं चोरून बघता काय?"

"नाही जी. तुम्ही समोरच काढून राहिल्या, तर दिसलं."

त्या दिवसापासून दोघं कंपनीत एका टेबलाशी बसू लागले. भट्टीचं जमलं, बाकीचं अडलं. शिकलेल्या पोरांचं हे असंच – पत्र्यांचं बघणं मोजतील आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावतील. मुग्धाच्या प्रताप नगरच्या घरात काका, आत्या, माणसांचा नुसता बाजार. रविवारी पुण्याचं स्थळ यायचं होतं. आईनं विचारलं होतं, "कोणी मनात असेल तर आत्ताच सांग." काय सांगणार? आधी तो बोलला पाहिजे. पोरीलाही मान असतो.

शनिवारी भट्टी पहिल्यांदा पेटली. कपाट बाहेर आलं ते अंगभर वाळून, कुठे बोट चिकटेना. सगळे चहाला गेले. हे दोघं तिथेच.

"उद्या पाहुणे येताहेत," मुग्धा म्हणाली.

"मले माहीत आहे."

"मग?"

पंकज भट्टीकडेच बघत राहिला. "पत्रा केवढा मोठा. त्याच्या नजरेत कपाट जरासंच. अन् कपाटाले पाहावं तिकडे पत्राच. मले तुमच्याशिवाय काही दिसत नाही, मॅडम... पण तुमचं घर मोठं, माणसं मोठी. तुमच्या नजरेत माझा वाटा थोडकाच असन. म्हणून बोललो नाही."

"आणि पुढचा नियम? ज्याच्या त्याच्या क्षेत्रफळानं वाट्याला गुणलं, की –"

"दोन्हीकडून उत्तर सारखंच येते."

"मग ऐका. बसमध्ये चढले की आधी तुमची सीट बघते. घरी जेवताना आत्या बोलते, मला तुम्हीच दिसता. माझ्या नजरेतही तुमचा वाटा पूर्ण एक आहे. गणित चुकलं ते तुमचं... तुम्ही स्वतःचं क्षेत्रफळ कमी धरलं, पंकज."

पंकज भट्टीवरून नजर काढून तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "पाहुण्यांच्या आधी बाबाले घेऊन येऊ काय?"

"या. पण तिथं मॅडम म्हणू नका, आत्याची जीभ तिखट आहे."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे की मला."

त्यानं ते म्हटलं – इतक्या हळू, की फक्त तिलाच ऐकू गेलं.