जुन्या नावावरची पट्टी

त्या रविवारीही आबांनी सिंधूला आधी हात धुवायला लावले.

दौंडच्या त्या एका खोलीत तोच नियम होता. दाराशी तांब्या, साबणाची वडी आणि धुतलेला पंचा मांडायचा. पाहुण्याने हात धुऊन कोरडे करायचे. तोवर आबा शिडी लावून माळ्यावर चढणार आणि पत्र्याच्या पेटीतून वही काढून आणणार. वहीला धुतलेल्या हाताशिवाय हात लागायचा नाही, मग तो लेकीचा का असेना.

वहीत राजेराण्या होत्या. इंग्लंड, स्वीडन, डेन्मार्क, हॉलंड. आबांनी, म्हणजे गेणबांनी, तीस वर्षं दौंड स्टेशनात गाड्यांचे डबे झाडले होते. पहिल्या वर्गात लोक इंग्रजी साप्ताहिकं टाकून जात. त्यातली चित्रं ते कापून आणत, रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांकडून नावं वाचून घेत आणि मोरचूद घातलेल्या खळीने वहीत चिकटवत. मोरचुदाने कसर लागत नाही, पण चित्रांच्या कडेला निळसर झाक यायची. वस्तीत त्यांना ‘गेणबा राजे’ म्हणत.

“बुधवारी लगीन हाय,” आबा म्हणाले. “इंग्लंडच्या राणीच्या लेकीचं. नवरा साधा क्याप्टन. त्येला पदवी देत्यात का न्हाई, बगू.”

“दिली काय, न दिली काय. तुम्हाला काय करायचंय, आबा?”

“पदवी चिकटती कशी आन् निघती कशी, त्येच तर बगायचंय. आपल्या हितल्या राजांची दोन वर्सामागं सरकारनं काढली. आन् आपण छप्पन साली दीक्षा घेऊन आपलीआपणच काढली. ती तर जन्माची हाय म्हनत व्हते!”

ते हसले आणि पान उलटलं. झालरीच्या फ्रॉकमधली एक लहान मुलगी. खाली कागदाची पट्टी, त्यावर आबांचं ठसठशीत अक्षर: ‘डेन्मार्कची राणी.’

“एवढ्याशा पोरीला राणी केलंत?”

“उचल की पट्टी.”

पट्टी एकाच कडेला चिकटवलेली होती. सिंधूने ती नखाने उचलली. खाली दुसरी पट्टी होती: ‘डेन्मार्कची राजकन्या.’

“गेल्या साली राणी झाली. वर आत्ताचं नाव, खाली तवाचं. जुनं फाडायचं न्हाई. मानूस कुठनं आला, ते ऱ्हायला पायजे.”

सिंधूने पिशवीतून पेरू काढले. ती शिकवायची त्या शिरूरच्या शाळेत वाटलेल्या हस्तपत्रकात ते गुंडाळलेले होते. आबांनी पेरू बाजूला ठेवले आणि कागद सरळ केला. पंचवीस नोव्हेंबरला शाळेच्या सभागृहात समारंभ. सन १९२१ मध्ये पुण्यास आलेल्या ड्यूक ऑफ विंडसर यांनी शाळेचे अध्यक्ष साहेबराव पाटील यांच्या वडिलांस भेट दिलेले चांदीचे तबक, सर्वांना पाहण्यास खुले.

आबांनी ते दोनदा वाचलं. मग मोठ्याने हसले.

“कुनी लिवलं हे?”

“चित्रकलेच्या पोपटराव गुरुजींनी.”

“चूक हाय. त्येंना सांगाया पायजे. म्या येतो शिरूरला.”

“नको.” शब्द तोंडातून फार लवकर निघाला. “तुम्ही शिरूरला येऊ नका, आबा.”

दोघांनाही ऑगस्टमधली ती दुपार आठवली होती. आबा अचानक शाळेच्या फाटकाशी आले होते. काखेत वही, पायात रेल्वेचे जुने बूट. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, की सिंधूबाईंचे वडील रेल्वेत साहेब होते. पोपटरावांनी विचारलं, “हे कोण?” आणि सिंधू म्हणाली होती, “आमच्या ओळखीचे आहेत.” आबांनी लगेच मान हलवली होती. “व्हय, वळखीचा हाय.” तिचा तास संपेपर्यंत ते बाकावर पोपटरावांना चित्रं दाखवत बसले होते.

“बरं,” आबा आता म्हणाले. “मास्तरांना कार्ड टाकतो.”

सोमवारी पहाटे त्यांनी तिला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून एक पेरू परत दिला. “वाटंत खा.”

शनिवारी वस्तीतला माणूस निरोप घेऊन तिच्या खोलीवर आला. गेणबा काल गेले. माळ्यावरून पडले.

*

“शिडी सरकली, बाई,” पोलीस जमादार बन्सी म्हणाले. ते आबांना वीस वर्षं ओळखत. “डोक्याला मार लागला. म्हातारं मानूस, येकटं.”

सिंधू उंबऱ्यावर उभी होती. रडू येत नव्हतं. नजर फक्त वस्तूंवरून फिरत होती.

तांब्या अर्धा रिकामा. साबणावर वाळलेला फेस. पंचा चुरगळलेला, त्यावर बोटांचे काळे डाग. खिडकीत लग्नाचं चित्र कापून ठेवलेलं, शेजारी वाटीत खळ वाळून तडकलेली.

“इथलं कुणी काही हलवलं?”

“कोन हलवतंय? हाय तसं हाय.”

शेजारच्या साखरबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. सिंधू त्यांच्याजवळ गेली.

“काकू, काल कोण आलं होतं?”

“म्या नळाला चालले व्हते गं. आत गेणबा म्हनत व्हता, ‘आधी हात, आधी हात.’ मला वाटलं, तूच आलीस. माघारी आले तवा दार वढलेलं. दिवेलागणीला बगते तर...”

त्यांनी शिडीकडे बोट केलं.

सिंधू शिडी लावून वर चढली. पेटी उघडी होती. वही नव्हती.

“जमादार, आबांकडे पाहुणा आला होता. वही त्याने नेली.”

“कागदाची वही कोन चोरतंय, बाई?”

“तेच शोधायचंय.”

बन्सींनी पंचा उचलला, डाग निरखले. “रंग हाय?”

“रंग असता तर साबणाने थोडा तरी फिका झाला असता.” तिने वास घेतला. “भांडं घासल्यावर हाताला जे काळं लागतं, तसं आहे.”

बन्सींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पंचा घडी करून पिशवीत ठेवला. “काय गावलं तर सांगावा धाडा. म्या शिरूरला येतो.”

*

आबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून सिंधू गुरुवारी शाळेत आली. शिक्षकांच्या खोलीत सगळे हळू आवाजात बोलले. कपाटावर समारंभाचं कोरीव तबक आणि फ्रेममधलं राजपुत्राचं चित्र आणून ठेवलं होतं. पोपटराव उठून जवळ आले.

“फार वाईट झालं, बाई. एवढे मोठे साहेब. शेवटी सगळं इथंच राहतं.”

त्यांच्या बोटांच्या पेरांत काळ्या रेषा होत्या. गावातल्या निम्म्या भांड्यांवर नावं त्यांनीच घातलेली. हात कधी स्वच्छ नसायचेच. तेवढ्यावरून माणसाला धरता येत नाही.

“समारंभाची तयारी झाली?” तिने विचारलं.

“झाली म्हणायची. साहेबराव पुढच्या मुख्याध्यापकपदासाठी माझं नाव सुचवणार आहेत. त्यांच्या मनासारखं व्हायला हवं.”

“तबकावरचा मजकूर तुम्हीच कोरला का?”

“छे! मूळचाच आहे. झिजला होता, मी उजळला फक्त.”

“आणि राजपुत्राचं ते चित्र? फ्रेममधलं?”

“साहेबरावांच्या घरचं. शुक्रवारी पुण्याला जाऊन चौकट करून आणली.”

“शुक्रवारी?”

“हो. रजा टाकली होती. का?”

“काही नाही. मी नव्हते ना, म्हणून विचारलं.”

संध्याकाळी ती साहेबरावांच्या मळ्यावर गेली. ते ओट्यावर बसून पानाला चुना लावत होते.

“या बाई. तुमच्या वडलांचं आयकलं. बसा.”

“पाटील, ते तबक पूर्वीपासून तुमच्याकडेच?”

“व्हय तर. आमच्या आईच्या लग्नातलं. आमाला कुठं ठावं त्ये राजाचं हाय म्हनून? गुरुजींनी घासलं तवा खालनं अक्षरं निगाली म्हने.”

“आणि राजपुत्राचं चित्र?”

“त्ये गुरुजींनीच आनलं. आमच्या घरात म्हसरांची चित्रं हायेत, बाई.” ते स्वतःच हसले.

सिंधू हसली नाही. चित्र या घरातून आलेलं नव्हतं.

परत येताना तिने दौंडला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे बन्सींसाठी चिठ्ठी दिली. रात्र तिने जागून काढली. भीती पोपटरावांची नव्हती. त्यांच्याकडे बोट दाखवायचं, तर आबांचं नाव घ्यावं लागणार होतं. आणि मग प्रत्येक जण एकच प्रश्न विचारणार होता: गेणबा तुमचे कोण?

*

रविवारी सभागृह भरलं. लाल कापडावर तबक लखलखत होतं. शेजारी फ्रेममध्ये टोपी घातलेला तरुण राजपुत्र. शेवटच्या बाकावर जमादार बन्सी साध्या कपड्यांत बसले होते.

पोपटरावांचं भाषण रंगलं. ड्यूक ऑफ विंडसर, शिकार, पाटलांचा पाहुणचार. टाळ्या थांबल्या, तशी सिंधू उठली.

“मला काही विचारायचंय.”

“विचारा की, बाई,” साहेबराव म्हणाले.

“गुरुजी, तबकावर साल कोणतं?”

“एकोणीसशे एकवीस. राजपुत्र तेव्हा पुण्याला आले होते. इतिहास आहे.”

“आले होते, खरंय. पण तेव्हा त्यांना काय म्हणत?”

पोपटरावांनी तबकाकडे हात केला. “अर्थातच, ड्यूक ऑफ विंडसर.”

“नाही. तेव्हा ते प्रिन्स ऑफ वेल्स होते. छत्तीस साली राजा झाले. त्याच साली लग्नासाठी गादी सोडली. ड्यूक ऑफ विंडसर हे नाव त्यानंतरचं. एकवीस साली हे नाव जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ते तबकावर कसं आलं?”

सभेत कुजबुज सुरू झाली. साहेबरावांनी पान तोंडात तसंच धरलं.

“एखादी चूक होते माणसाकडून,” पोपटराव म्हणाले. “पुस्तकात तसं होतं.”

“कुठल्या?”

“नाव आठवत नाही आता.”

“पुस्तकात नव्हतं. एकवीसच्या चित्राखाली छत्तीसचं नाव अशी एकच जागा मला ठाऊक आहे. पाटील, ती फ्रेम उघडायला सांगा.”

“काच फुटेल!” पोपटराव पुढे झाले. पण बन्सी तोवर मंचावर पोचले होते. त्यांनी मागचे खिळे वाकवले आणि चित्र बाहेर काढलं. पुठ्ठ्याच्या आड झाकलेला खालचा भाग उघडा पडला. कडा निळसर होती. तिथे ‘पुणे, सन १९२१’ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली कागदाची पट्टी: ‘ड्यूक ऑफ विंडसर.’

“उचला,” सिंधू म्हणाली.

बन्सींनी पट्टी उचलली. खालची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली.

“‘प्रिन्स ऑफ वेल्स.’ ह्ये गेणबाचं अक्षर हाय. आमच्या दौंडच्या.”

मागच्या बाकांवरचे लोक उठून पाहू लागले.

“दौंडला गेणबा नावाचे गृहस्थ होते,” सिंधू बोलत राहिली. “ते राजघराण्यांची चित्रं जमवत. पदवी बदलली की जुन्या नावावर नवी पट्टी लावत, एकाच कडेला चिकटवून. ऑगस्टमध्ये ते इथे आले, तेव्हा गुरुजींनी त्यांची वही पाहिली. वरवर पाहिली. पट्ट्या उचलतात हे त्यांना कळलं नाही. वरचं नाव आणि साल त्यांनी लक्षात ठेवलं आणि तबकावर कोरलं.

“हस्तपत्रक वाचून गेणबांनी त्यांना कार्ड लिहिलं. चूक आहे, सुधारून घ्या, एवढंच. ते कुणाची फजिती करणारे नव्हते. पण गुरुजी घाबरले. वही ज्याच्याजवळ, त्याच्याजवळ खोटेपणाचा पुरावा. शुक्रवारी ते पुण्याला नाही, दौंडला गेले. गेणबांनी त्यांना हात धुवायला लावले आणि वही आणायला स्वतः माळ्यावर चढले. तबक घासून काळे झालेले हात गुरुजींनी पंच्याला पुसले. तो पंचा जमादारांकडे आहे.”

पोपटराव हसण्याचा प्रयत्न करत होते. “डाग काय, कुणाचेही असतील.”

“कार्ड कुठं हाय, मास्तर?” बन्सींनी विचारलं. “आन् वही? चित्रकलेच्या कपाटाची किल्ली द्या.”

पोपटरावांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. साहेबराव उठले. “द्या किल्ली, गुरुजी.” त्यांच्या आवाजात आता पाहुणचार नव्हता.

वही ड्रॉइंगच्या कागदांखाली निघाली. जाळायला पोपटरावांचा जीव धजावला नसावा. आणखी चित्रं कामाला येतील, असं वाटलं असावं.

“मी ढकललं नाही,” ते खुर्चीवर बसत म्हणाले. “शप्पथ. शिडीवरून उतरताना मी वही मागितली. ते म्हणाले, आधी पट्टी उचलून दाखवतो. मी ओढली. ते सोडेनात. तोल गेला.”

“मग?” बन्सींनी विचारलं.

“मग... मी निघालो.”

“जिवंत व्हते?”

पोपटराव अचानक सिंधूकडे वळून ओरडले, “पण तुमचा काय संबंध? स्टेशनातला एक म्हातारा. त्याच्यामागे विचारणारं कोणी नाही, असंच मला वाटलं. तुम्हीच तर म्हणालात, ओळखीचा आहे!”

सिंधूने वही हातात घेतली. घेण्याआधी तिला हात धुवावेसे वाटले.

शेवटच्या पानावर राजा नव्हता. रेल्वेच्या ओळखपत्रावरचा आबांचाच लहानसा फोटो होता. मानेपर्यंत बटणं लावलेली, नजर सरळ. खाली ऑगस्टची तारीख आणि नवी पट्टी: ‘सिंधूबाईंच्या ओळखीचे.’

तिने नखाने ती उचलली. खाली जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदावर लिहिलेलं होतं: ‘सिंधूचा बाप.’

सभागृहातले सगळे तिच्याकडे पाहत होते. मुख्याध्यापक, शिक्षक, पहिल्या रांगेत तिच्या वर्गातल्या मुली.

पट्टी तिने खाली पडू दिली नाही. बोटाने वर धरून ठेवली.

“ओळखीचे नव्हते,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले होते. गेणबा माझे वडील. ते साहेब नव्हते. तीस वर्षं दौंड स्टेशनात गाडीचे डबे झाडायचे. मी त्यांची मुलगी आहे.”