एकशे आठ नखं

माझ्या दुकानात पुरुषमाणूस शिरतो तो दोनच कारणांनी – एकतर पत्ता चुकलेला असतो, नाहीतर बायकोला न्यायला आलेला असतो. हा तिसराच नमुना निघाला. आईची पर्स काखेत धरून आला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर गुपचूप बसला.

मी काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, करंगळीच्या नखाला लाल रंग लावत होते. तेवढ्यात हा उठला.

"आत पिल्लं आहेत ना? किती दिवसांची?"

"बारा."

"सकाळपासून अशीच रडताहेत?"

"पिल्लंच ती. रडणार नाहीत तर काय गाणी म्हणणार?"

"हे भुकेचं रडणं आहे," तो म्हणाला, आणि मला न विचारता मागच्या खोलीचा पडदा सारून सरळ आत!

काय हा आगाऊपणा! ब्रश तसाच हातात घेऊन मी मागे धावले. आत बाईसाहेब होत्या. बाईसाहेब म्हणजे माझी कुत्री. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली ती मालकिणीच्या थाटात, आणि मग उठलीच नाही, म्हणून हे नाव. सध्या मात्र पिल्लं दुधाला लागली की गुरगुरायची आणि उठून लांब जाऊन बसायची. मला वाटायचं, सहा पोरांची आई, वैतागणारच की बिचारी.

त्यानं गुडघे टेकले, तिला आपला हात हुंगू दिला आणि हळूच कुशीवर वळवलं.

"इकडे या. इथे हात ठेवा."

मी ठेवला... आणि झटकन मागे घेतला. मागचं एक आचळ दगडासारखं टणक, जांभळं आणि तव्यासारखं तापलेलं! त्यानं ते अलगद दाबलं. दुधाऐवजी पिवळट, रक्ताची रेघ असलेलं काहीतरी बाहेर आलं.

"पण... तुम्ही कोण हो?" मी विचारलं. खरं तर हे आधी विचारायला हवं होतं.

"जनावरांचा डॉक्टर आहे," पडद्याआडून काकूच ओरडल्या. "रविवारीसुद्धा सुट्टी घेत नाही मेला!"

"आचळात जंतू शिरलेत," तो म्हणाला. "स्तनदाह म्हणतात याला. अंगात ताप आहे. आजच औषध सुरू करू."

"मी तिला माझी तापाची गोळी देणार होते..."

"दिलीत?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"नाही हो!"

"देऊ नका. माणसांच्या गोळ्यांनी कुत्री दगावतात."

मी हादरलेच. ती गोळी अजून माझ्या एप्रनच्या खिशात होती.

"पण जंतू आले कुठून? मी रोज जागा पुसते, चादर बदलते..."

त्यानं एक पिल्लू उचललं आणि त्याचा पंजा माझ्या मनगटावरून हलकेच ओढला. आई गं! बारीक लाल ओरखडा उमटला.

"दूध पिताना पिल्लं पंजांनी आईला चेपत राहतात. दिवसभर. या ओरखड्यांतून जंतू आत जातात. ही नखं दर आठवड्याला कापायची असतात. कुणी कापली नाहीत?"

त्यानं माझ्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं. मग मागच्या फळीकडे, जिथे माझी चाळीस नेलकटरं ओळीनं टांगलेली होती.

"तुम्ही..."

"हो," मी म्हटलं, "मी दिवसभर तेच करते."

काकू खुदकन हसल्या आणि मला रडूच फुटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! गावभरच्या बायकांची नखं कापली, आणि माझ्याच घरातल्या बाळंतिणीला नखांनीच आजारी पाडलं.

तो हसला नाही. "रडून झालं की नेलकटर आणा," एवढंच म्हणाला. "मी पिल्लं धरतो."

सहा पिल्लं, एकेकाची अठरा नखं. एकशे आठ नखांची नुसती टोकं मी काढली. त्याच्या तळव्यावर पिल्लाचा पंजा, त्यावर माझी बोटं... तेव्हा माझ्या लक्षात आलं की याची स्वतःची नखं मुळापर्यंत कुरतडलेली आहेत. मी पुढच्या पंजाकडे वळले. पण कान मात्र उगाच गरम झाले.

मग तो रोज दुपारी यायला लागला. मी दिवसातून चारदा कोमट पाण्याच्या फडक्यानं शेकायचे, त्या आचळातलं खराब दूध हळूहळू पिळून टाकायचे, त्याला पिल्लं लागू नयेत म्हणून पट्टी बांधायचे. पिल्लांची वजनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर व्हायची.

"तुम्ही सगळ्याच पेशंटकडे रोज जाता?" मी एकदा विचारलं.

"नाही. जिथे चहा बरा मिळतो, तिथेच."

"माझा चहा गुळचट असतो, काकू म्हणाल्या."

"आईला काय कळतंय," म्हणत तो कप तळापर्यंत प्यायला.

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली. आचळाचं कातडं काळं पडलं होतं. बाईसाहेब मान वर करेनात.

"वाचेल ना हो?"

"वाचेल," तो म्हणाला. हात धुऊन आला, खिडकीशी उभा राहिला आणि अंगठ्याचं नख दातात धरलं.

"शी! डॉक्टर ना तुम्ही?"

"हात धुतलेत. साबणानं."

"खोटं बोलताय."

"अहो, खरंच धुतलेत!"

"हातांबद्दल नाही म्हणत मी. ती वाचेल म्हणालात आणि लगेच नख दातात गेलं, त्याबद्दल."

तो माझ्याकडे बघत राहिला, भूत बघावं तसा.

"आजपर्यंत कुणी पकडलं नव्हतं," शेवटी म्हणाला. "विष अंगात भिनलं तर... नाही वाचणार. आत्ताच दवाखान्यात नेऊन तो भाग कापून साफ करावा लागेल. पिल्लांना तोवर बाटली."

मी खरं मागितलं होतं, त्यानं खरं दिलं. मी बाईसाहेबांना उचललं, त्यानं पिल्लांची टोपली उचलली, आणि दुकान तसंच उघडं टाकून आम्ही निघालो. दवाखान्याच्या बाकावर पिल्लांना बाटलीनं पाजताना मी जेवढी घाबरले, तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. दोन दिवसांनी बाईसाहेबांनी वाडग्यातलं पाणी चाटलं, शेपटी एकदाच आपटली, आणि मी भर दवाखान्यात त्याच्या गळ्यात पडले. पडल्यावर कळलं! दोघंही असे दचकून बाजूला झालो की सलाईनचा स्टँडच पडला.

तीन आठवडे गेले. जखम भरली, पिल्लं बाळसं धरून लोळायला लागली. आता औषध नव्हतं, पट्टी नव्हती. म्हणजे त्याला येण्याचं कारणही नव्हतं, आणि मला दुपारी घड्याळाकडे बघण्याचं.

आणि आज तो आला. आई नाही, पर्स नाही. सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

मी बघतच राहिले. परवापर्यंत चांगली वाढत आलेली नखं... दहाच्या दहा कुरतडलेली! एका बोटातून तर रक्त!

"काय झालं? बाईसाहेबांच्या परवाच्या तपासणीत काही निघालं..." मी पुढे वाकले. "खरं सांगा!"

"ती ठणठणीत आहे."

"मग पिल्लं?"

"तीही."

"मग ही एवढी काळजी कशाची?"

"तुझ्या उत्तराची."

'तुझ्या' म्हणाला! माझ्या हातातली बाटली लवंडली, टेबलभर लाल रंग.

"अहो, पण प्रश्न?"

"सकाळपासून तीनदा तुझ्या दारापर्यंत येऊन गेलो... तो विचारणं काही जमलं नाही."

"हो," मी म्हटलं.

प्रश्न न ऐकताच! माझंच तोंड, पण ऐकून मीच दचकले. तो तर नुसता आ वासून बसला.

मी उठले, दारावर 'बंद'ची पाटी लावली, आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. कापण्यासारखं त्यांत काही उरलंच नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत सोडले नाहीत.