मागे घेतलेल्या निबंधाचा भार

डॉ. प्रभंजन गोडघाटे यांच्या धाकट्या बहिणीचं पंचेचाळिसाव्या वर्षी लग्न जमलं, त्याच साली, म्हणजे २०६७मध्ये, त्यांचा शोधनिबंध विषशास्त्रातला सर्वांत वजनदार ठरला. मांडवात व्याह्यांनी नवरदेवाला सोडून आधी डॉक्टरांच्याच गळ्यात हार घातला. त्यांनाही ते आवडलं होतं.

निबंध मण्यारीच्या विषावरच्या नव्या कृत्रिम उताऱ्याचा होता. उतारा किती द्यायचा, हे दवाखान्यातलं मात्रायंत्र ठरवायचं. ज्या निबंधाचा उल्लेख इतर निबंधांत जास्त, त्याचा संदर्भभार जास्त. ज्याचा भार जास्त, त्याची मात्रा खरी. उताऱ्याची कुपी यंत्राच्या पोटात असायची आणि सुईही तेच टोचायचं.

पुढच्या वर्षी गोडघाट्यांनी तस्नीम काझीला नागपूरच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता मात्रायंत्रांची मुख्य अभियंता.

"तस्नीम, उंदरांना आपण उतारा कधी टोचायचो?"

"सकाळचा चहा झाला की. संध्याकाळी कोण थांबतंय? शिपाईदादा कुलूप वाजवत दारात उभे असायचे."

"आणि उंदीर झोपतो कधी?"

ती हसता हसता थांबली. "दिवसा."

"झोपेच्या वेळी हृदय ही मात्रा सोसतं. जागं असण्याच्या वेळी नाही सोसत. आता उंदरांना अंधारात टोचून पाहिलं. निम्मे मेले."

"मग माणसं कशी वाचली, सर?"

"मण्यार रात्री चावते. उतारा रात्रीच दिला जातो, माणसाच्या झोपेच्या वेळी. म्हणून आपलं पाप झाकलं गेलं. भर दिवसा कुणी दवाखान्यात आला, तर त्याला आपण मारणार. मी निबंध मागे घेतोय."

"नका घेऊ."

"काय बोलतेस तू?"

"यंत्र वाचत नाही सर, मोजतं. शिव्या घालायच्या तरी नाव घ्यावंच लागतं ना? तुम्ही मागे घेतल्याचं जाहीर करणार, त्यात निबंधाचं नाव. मग त्यावर सगळे लिहिणार, त्यातही नाव. भार चढत जाणार. एका पातळीपलीकडे यंत्र ती मात्रा कायमची पक्की करतं. आज डॉक्टर ती हातानं कमी करू शकतो. पक्की झाली की नाही."

"मग तू ते मोजणं बदल."

"भाराला हात लावायला मलाच कायद्यानं बंदी आहे. पूर्वी लोकांनी वशिल्यानं भार वाढवून घेतले, म्हणून. आपण दवाखान्यांना एकेक फोन करू. दिवसा मात्रा हातानं कमी करा, असं तोंडी सांगू. बोभाटा नाही झाला तर जुने उल्लेख बाद होत जातील, भार आपोआप उतरेल."

"म्हणजे मी चोरासारखं गप्प बसायचं?"

"हो, सर. चोरासारखं."

गोडघाटे आठवडाभर फोन करत राहिले. प्रत्येक डॉक्टर आदरानं ऐकायचा, आणि शेवटी म्हणायचा, "सर, तुमचा निबंध म्हणजे आमची गीता." तो शब्द त्यांना टोचत राहिला. अन्न गोड लागेना. एका सकाळी त्यांनी तस्नीमला न विचारता माघार प्रसिद्ध केली.

छाती हलकी झाली. जगभरातून पत्रं आली. असा प्रामाणिक शास्त्रज्ञ विरळा, असं लोकांनी लिहिलं, आणि लिहिताना खाली रीतसर मूळ निबंधाचा संदर्भ दिला. गोडघाट्यांनी ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचली. लग्नातल्या हारासारखीच तीही त्यांना आवडली.

ऑक्टोबरात भामरागडकडच्या एका दवाखान्यातून तरुण डॉक्टरचा फोन आला. एका शिक्षिकेला पहाटे मण्यार चावली होती. नदी ओलांडून दवाखाना गाठेपर्यंत ऊन चढलं होतं.

"सर, तुमची माघार मी वाचलीय. मात्रा निम्मी करायला गेलो, तर यंत्र म्हणतं, मात्रा पक्की आहे. पूर्ण घ्या, नाहीतर काहीच नाही."

"रात्रीपर्यंत थांबता येईल?"

"तिचा श्वास आत्ताच अडकतोय. सांगा ना, काय करू?"

गोडघाटे म्हणाले, "दे."

दुपारी त्या डॉक्टरचा पुन्हा फोन आला. तो ठेवल्यावर त्यांनी तस्नीमला फोन लावला. ती रागावली नाही. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"सर, मृत्यूच्या अहवालात कारण लिहावं लागेल," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्या निबंधाचं नाव."

"आणि भार?"

"चढेल."

रेणुका पुंगाटी, वय एकोणतीस, प्राथमिक शिक्षिका, ९ ऑक्टोबर २०६८ रोजी भर दुपारी वारल्या.