उतारधोंडा

शिखरपेठेच्या खालच्या ठाण्यातल्या प्रयोगशाळेत हेमांगी दोराचा ताण दाखवणाऱ्या मापकाचा थरथरणारा काटा बघत उभी होती. शहर सातशे मीटर वर, कड्यावर. तिथे जायला वाट एकच, दोरगाडी. एका दोराला दोन डबे आणि वरच्या ठाण्यात एक अजस्र चाक. वरचा डबा जड झाला की उतरतो आणि खालच्याला वर ओढतो. पूर्वी वरच्या डब्यात झऱ्याचं पाणी भरत. साठ वर्षांपूर्वी झरा आटला आणि उतरणारा प्रत्येक जण मांडीवर एक धोंडा घेऊन बसू लागला, खालून चढणाऱ्यासाठी. रिकाम्या हाताने उतरणाऱ्याला शिखरपेठेत कुणी मुलगी देत नसे.

"फुकट वर जातो असं वाटत होतं तुम्हाला," भूशास्त्रज्ञ डॉ. विभांडिक म्हणाले. "रोजचे वीस टन धोंडे, साठ वर्षं. ते धोंडे म्हणजे वरच्या ठाण्यामागची टेकडी होती, हेमांगी. तिच्या वजनानंच चाकाचा पाया दाबून धरला होता."

त्या टेकडीच्या जागी झालेल्या पटांगणात हेमांगी लंगडी खेळली होती. मैदान मिळालं म्हणून गावाने पेढे वाटले होते. आता पाया दोन बोटं सरकला होता, आणि तो सुटला तर वरचं ठाणं कड्यासकट कोसळणार होतं. त्या ठाण्यात ब्रेकच्या दांड्यावर तिचे बाबा होते. वर उरलेली चारशे माणसं उतरली की, दांडा बांधून, ते शेवटच्या डब्याने येणार होते.

तिने फोन करून सांगितलं, की आता वर कुणीच येणार नाही, रिकामा डबा ओढायला माणसांचं वजन पुरेसं आहे, धोंडे घेऊ देऊ नका. बाबा बरं म्हणाले.

पहिला डबा आला. चाळीस माणसं, चाळीस धोंडे. तिने पुन्हा फोन लावला.

"सांगतोय गं," बाबा म्हणाले. "मान डोलावतात नि उचलतात. ठाण्यामागं काही उरलं नाही, म्हणून चाकाच्या पायाचेच दगड उकरतायत. दांडा सोडून मी धावू कसा?"

दहाव्या फेरीत आई उतरली. तिच्या मांडीवर काळा, घडीव दगड होता, एका बाजूला चुना लागलेला.

"सवयीनं घेतला," ती ओशाळून म्हणाली. "म्हटलं, कुणी वर येत असेल."

हेमांगीने वळून काट्याकडे पाहिलं. तो शून्यावर पडला होता.