अकराव्या प्रकरणापर्यंत

चष्मा पोचवायला गेलेली मुलगी तिथेच पुस्तक वाचायला बसली, त्याला कारण बाईंचे डोळे. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक छोटी संस्था या बाई चालवत. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्यांचा नवा चष्मा घेऊन आली होती. बाईंनी तो डोळ्यांवर चढवला, तिच्या हातात एक पुस्तक दिलं, स्वतः दुसरी प्रत उघडली आणि म्हणाल्या, की तू वाच, मला नीट दिसतंय का ते मी ताडून बघते.

ध्वनिमुद्रणाच्या त्या खोलीतला माइक चालूच राहिला होता. काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेला ध्वनिमुद्रक मान वर करून बघायला लागला. पान संपलं, तसा भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, "पुन्हा एकदा... वाचाल?"

पुस्तक म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या एका माजी न्यायाधीशबाईंचं आत्मचरित्र. खाणकामगाराची मुलगी त्या खुर्चीपर्यंत कशी पोचली, हे त्या वर्षी जो तो वाचत होता. ही मात्र दर शनिवारी दुकान सुटलं की ते मोठ्यानं वाचू लागली. घड्याळाची टिकटिक माइकमध्ये येते म्हणून ध्वनिमुद्रक वाचनाआधी तिचं मनगटी घड्याळ मागून घ्यायचा आणि शर्टाच्या खिशात ठेवायचा. परत देताना मात्र ते खिशातून निघता निघायचं नाही. घसा सुकायच्या आत कोमट पाण्याचा पेला तिच्यापुढे यायचा. आणि जवळपास प्रत्येक पानाला तेच दोन शब्द. पाचव्या प्रकरणात न्यायाधीशबाई आईच्या चपला घालून कोर्टात जातात, तिथे हिला हसू फुटलं. तेवढं पान तर तिनं मान खाली घालून पुन्हा वाचलं, अगदी शहाण्या मुलीसारखं. घरी ताईनं त्याचं नावच ठेवलं 'पुन्हा-एकदा'.

"तुम्हाला दुसरं काही बोलता येतं का?" तिनं एकदा विचारलं.

"येतं. पण माइक चालू असताना नाही बोलत."

"मग बंद करा की."

त्याचा हात खरंच बटणापर्यंत गेला... आणि मागे आला. "आधी हे पान होऊ दे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. ते तिला दिसलं, आवडलंही. पण आपण बरं वाचत नाही, ही सल काही जाईना.

मग आलं अकरावं प्रकरण. 'जिथे आपली पारख होत नाही, तिथून त्याच दिवशी उठावं,' असं न्यायाधीशबाईंनी ठणकावून लिहिलं होतं. वाचताना तिच्या अंगावर काटा आला. आणि नेमकं तेच पान त्यानं चार वेळा वाचायला लावलं.

पाचव्यांदा ती उठलीच. "माझ्या वाचण्यात एवढी खोट असेल, तर दुसरं कोणी शोधा," म्हणाली आणि काचेच्या दारातून हात पुढे केला. त्यानं घड्याळ तळहातावर ठेवलं. दार लोटून ती चालू लागली. जाताना एकदाच वळली, तर काचेमागे त्याचे ओठ हलत होते. स्पीकरचं बटण दाबायचं तो विसरला होता. तेच दोन शब्द असणार, असं धरून ती जिना उतरली. त्या दिवशी तिला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

वर्षभरानं बाई चष्म्याचा नंबर बदलायला दुकानात आल्या आणि पूर्ण झालेलं पुस्तक तिच्या फोनवर देऊन गेल्या. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिनं ऐकायला घेतलं. पाचव्या प्रकरणात चपला आल्या आणि तिचं हसू जसंच्या तसं कानावर पडलं. शहाण्या मुलीचं वाचन कुठेच नव्हतं. तिनं पुढची पानं भराभर ऐकली. भरून आलेला घसा, मध्येच घेतलेला श्वास... सगळं पहिल्या खेपेचं. दुसऱ्या वाचनाची गरज कधी नव्हतीच.

बारावं प्रकरण त्यानं स्वतः वाचलं होतं. अडखळत, जोडाक्षरांशी झटापट करत. न्यायाधीशबाईंनी तिथे कबूल केलं होतं, 'माझाच सल्ला मी एकदा फार घाईनं पाळला. मागून कोणी काय सांगत होतं, ते ऐकायला थांबले नाही.' या वाक्यावर तो दोनदा अडला, आणि ते अडणं त्यानं तसंच ठेवलं होतं.

आठवड्यानं बाई चष्मा न्यायला आल्या, तेव्हा तिनं काचा पुसता पुसता विचारलं, "माझं दुसऱ्यांदा वाचलेलं... त्याचं काय केलं?"

"ते होय? नोकरी सोडताना मागून घेऊन गेला. म्हणाला, संस्थेला त्याचा काय उपयोग." बाईंनी चष्मा लावून आरशात पाहिलं. "मागच्या महिन्यात लग्न झालं त्याचं. तुला नव्हतं कळलं?"

तिला नव्हतं कळलं. कळायला हवं होतं ते एका वर्षापूर्वी, काचेपलीकडे, आणि तेव्हा तिनं फक्त थांबायचं होतं.

बाई गेल्या. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवलं, फोन कानाशी धरला आणि बारावं प्रकरण पहिल्यापासून लावलं. तो त्या वाक्याशी आला, अडखळला.

"पुन्हा एकदा," ती हळूच म्हणाली, आणि तिनं ते वाक्य परत मागे नेलं.